पेटीवर बसणारी मनकर्णा

आग कोणाच्याही घराला लागो, गाव बादल्या घेऊन धावतं आणि मनकर्णाबाई पेटी शोधत धावते. जळत्या घरातून टिनाची पेटी ओढून काढायची, मोकळ्या जागी ठेवायची आणि काठी घेऊन तिच्यावर बसायचं. घरची बाई आल्याशिवाय पेटी कोणालाच मिळत नाही. "बाईले पेटीच बरी दिसते," असं नागभीडकडच्या त्या गावात तिच्या पाठीमागे बोलतात. बोलू देत. तिचाही गावातल्या एकाही माणसावर भरवसा नाही, म्हणजे फिटंफाट.

वीस वर्षांपूर्वी विहारामागचं तिचं घर जळालं, तेव्हा सख्ख्या दिराने "वहिनी, मी सांभाळतो" म्हणत पेटी उचलली. ती पुन्हा दिसली नाही. धावपळीत कोणीतरी नेली, असं दीर आजही सांगतो. दागिन्यांचं मनकर्णा बोलत नाही. पण त्यात मेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो होता. "चोराले फोटो कायले पाहिजे होता?" हे ती अजून विचारते, आणि विचारताना ऐकणाऱ्याचंच तोंड निरखून बघते.

यंदा मे महिन्यात, रात्री अकराला, मनसाराम धिवराचं घर पेटलं. धानाच्या तणसीच्या ढिगावरून आग छपरावर चढली. म्हातारा मासे धरायची जाळी काढायला आत घुसला आणि पाठ भाजून बाहेर आला. त्याची बायको देवकाबाई त्याला घेऊन गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात गेली. मागे कुलूपबंद पेटी उरली, आणि तिच्यावर मनकर्णा.

दोनच्या सुमारास मोटारसायकल आली. मनसारामचा मुलगा सूरज ऊर्जानगरला, वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला असतो. तो तिथून थेट दवाखान्यात गेला होता आणि आता इकडे आला होता.

"काकी, पेटी द्या. बाबाले सकाळी नागपूरले न्यायचं हाये. इलाजाचं कार्ड त्याच्यात हाये."

"चाबी?"

"आईपाशीच राह्यली. कुलूप तोडतो."

मनकर्णाने काठी घट्ट धरली. आईजवळून आलेला पोरगा चाबी न घेता येतो?

"कार्डाबिगर अजून काय हाये पेटीत, सांग."

आईने पेटी सूरजसमोर कधी उघडलीच नव्हती.

"मी पोरगा हाओ त्याहिचा!"

"माहा दीर बी माह्या नवऱ्याचा भाऊच होता."

राखेवर पाणी मारणारा शेजारी लहानू वैतागला. "देऊन टाका ना बाई. बुढा तिकडे तडफडून राह्यला."

"तुले काऊन एवढी घाई?"

लहानू पुन्हा राखेकडे वळला. पण त्याचं बोलणं तिला लागलं होतं. भाजलेल्या माणसाचं कार्ड आपल्याच बुडाखाली होतं. तरी पेटी काही तिने सोडली नाही. तीच उठली.

"चाल. पेटी घेऊन मीच येतो."

साठीची बाई, मांडीवर पेटी, बगलेत काठी. प्रत्येक खड्ड्याला सूरज गाडी हळू करायचा, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता हा वळवतो कुठेतरी.

गाडी दवाखान्यातच थांबली. व्हरांड्यात देवकाबाईने कमरेची चाबी काढली, कार्ड काढून सूरजला दिलं, कुलूप लावलं आणि पेटी पुन्हा मनकर्णाकडे सरकवली.

"अवो, आतलं पाहून घे ना समदं."

"तुम्ही बसल्या होत्या ना? मंग कायले पाहू? पोराले चाबी द्याचीच भुलली मी, म्हणून तुमाले तरास झाला बाई."

देवकाबाई आत गेली. मनकर्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईने डोळे झाकून पेटी दिली, आणि आपण हिच्या पोराला वाटभर चोर ठरवत आलो.

कार्ड आत देऊन सूरज व्हरांड्यात परतला. रात्रभर त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. मनकर्णाने काठी त्याच्या हातात दिली.

"बस पेटीवर. चहा आणतो."

फाटकापर्यंत ती मागे न बघता गेली. तिथं मात्र राहवलं नाही. वळून पाहिलं तर झाडूवाला पेटी बाजूला करायला आला होता, आणि पेटीवर बसलेला सूरज काठी आडवी धरून त्याला सांगत होता, "हात लावू नोका. घरची बाई आल्याबिगर कोणालेच भेटत नाई."