पोह्यांआधीची सुई

डॉ. कुसुम मुरगूडकर यांना मी प्रथम पाहिले ते नव्वदच्या दशकाच्या आरंभी, शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात. मी आठवीत होते. मला झालेल्या मधुमेहाला गोळ्या चालत नाहीत, इन्सुलिनची सुई रोज आणि जन्मभर घ्यावी लागेल, असे त्यांनी वडिलांना सरळ सांगितले. वडील तालमीत घडलेले. हातात सुई आली तसे ते घामाघूम झाले.

"बाई, पोरीला कसं टोचू? हात थरथरतोय की."

"मग आधी मला टोचा." बाईंनी दंड पुढे केला. "नुसतं मिठाचं पाणी हाय. माणसं आपटताना थरथरत न्हाय व्हय हात?"

वडिलांनी टोचले. बाईंकडे आलेल्या प्रत्येक मुलाच्या आईबापांचा हात असाच बसला. बाईंच्या दंडावर नेहमी एखादा निळा डाग असे.

बाईंनी आम्हाला सवयी लावल्या. टोचण्याची जागा रोज बदलायची, नाहीतर गाठी होतात. उपवासाला सुई बंद करायची नाही. बाटली थंड ठेवायची. घरात फ्रिज नसेल तर ओल्या वाळूतल्या मडक्यात. जोतिबाच्या यात्रेला निघालेल्यांना त्या बजावत, "दर्शन चुकलं तर देव समजून घेईल. बाटली तापली तर ती समजून घेणार न्हाय."

शालन माझ्याबरोबरीची. याच आजाराची, याच दवाखान्यातली. तिचे लग्न कागलकडच्या घरात ठरले. नवरा एमआयडीसीत कामाला. 'लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू,' असे तिच्या वडिलांनी बाईंना हात जोडून विनवले. बाईंनी त्यांचे ऐकले. पुढे कोणीच सांगितले नाही. शालन न्हाणीघरात दार लावून सुई घेई आणि बाटली पत्र्याच्या खोलीतल्या ट्रंकेत, साड्यांखाली ठेवी. तिने एकही दिवस चुकवला नाही. मात्र एप्रिलच्या उन्हात औषधातला जोर गेला होता. ती दवाखान्यात पोचली तेव्हा शुद्धीत नव्हती. वाचली नाही.

बाई तिच्या मातीला गेल्या. शालनची सासू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सांगितलं असतं तर फ्रिजात ठेवली नसती व्हय आम्ही? म्हशीचं औषध ठेवतोय की त्यात."

 

त्यानंतर बाईंनी एक अट घातली. त्यांच्याकडच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तर तिने पोह्यांआधी त्यांच्यासमोर सुई घ्यायची. माझ्या वेळी बाई स्वतः येऊन बसल्या. मी दंडात सुई घेतली. मुलाच्या मामांनी हातातली बशी खाली ठेवली.

"पोरगी गुणाची हाय हो," ते म्हणाले, "पर आमच्यात एवढं कोण बघणार?"

पाहुणे उठले. दारातच वडील बाईंना म्हणाले, "बाई, माझ्या पोरीचं लग्न मोडलं तुम्ही."

"व्हय. मोडलं."

पुढेही दोन-तीन ठिकाणी असेच झाले. मग पाहुणे यायचे थांबले. वडील बाईंशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. माझे औषध मात्र त्यांच्याच दवाखान्यातून आणत राहिले.

मी महाविद्यालयात शिकवू लागले. लग्न झाले नाही. त्या अटीतून संसारही उभे राहिले. सून जेवायला बसण्याआधी सासूच सुई भरते, अशी घरे मी पाहिली आहेत. अशा घरांबद्दल बाई बोलतात तेव्हा मी ऐकते, फार बोलत नाही. हे त्यांच्या लक्षात आले असावे. एकदा दवाखान्यात कोणी नसताना त्यांनी विचारले, "राग हाय माझा?"

"हाय," मी म्हणाले.

 त्या म्हणाल्या, "असू दे. सकाळची घेतलीस न्हवं?"

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची प्रकृती उत्तम राहो. हा प्रश्न त्यांनी अजून पुष्कळ वर्षे विचारावा, आणि उत्तर द्यायला आम्ही असावे.