वेटिंग रूममध्ये आजार पुकारू नका

मैत्रिणींनो, आज सोमवार, सकाळी सव्वाअकराची गोष्ट. माझा राग अजून उतरलेला नाही.

बाळंतपणानंतर आमच्या सुनेला, रेवतीला, काही म्हणजे काही गोड लागेना. बाळ झोपलं की ही रडत बसायची. खूप समजावल्यावर आज ती समुपदेशनाला यायला तयार झाली.

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी भरल्या वेटिंग रूममध्ये हाक दिली, "बाळंतपणानंतर डोक्याचा त्रास झालेली पेशंट कोण?" सगळ्या माना वळल्या. रेवती बाळाला घेऊन थेट दाराकडे निघाली. "आई, घरी चला."

हळू बोलायचं असतं, हे मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. आज ते मी त्या बाईंना शिकवलं, मोठ्यानं.

तेवढ्यात शिरोळहून आलेल्या एका मावशींनी रेवतीचा हात धरला. "बस की गं! मी बी त्येच्यासाठीच आलोय. माझं पोरगं आता कॉलेजात हाय. ते झालं तवा मला कुणी इचारलंच न्हाय बघ. आण ते बाळ हिकडं."

रेवती आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण म्हणाली, "पुढच्या सोमवारी मी एकटीच येईन. तुम्ही फार भांडता, आई." मावशी अशा हसल्या की बाळ दचकलं.

बाळाचं वजन सगळेच विचारतात. तुम्ही कशा आहात, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?

आणि दवाखान्याच्या व्यवस्थापकांनो, पेशंटचा आजार चारचौघांत का पुकारला, याचं लेखी उत्तर मला शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं आहे.