एका वेळी एकच

एका वेळी दोन गोष्टी बदलणारा माणूस आमच्या आण्णांच्या मते खुनी माणसापेक्षा जेमतेम एक पायरी बरा. आण्णा म्हणजे कुपवाडच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेतले माझे वरिष्ठ. रोज सकाळी सातला त्यांची मोटारसायकल कुंडलहून यायची, आणि हँडलच्या पिशवीत त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, पहाटे भरून दिलेला चहाचा थर्मास असायचा. तो दहाच्या ठोक्याला उघडायचा. त्यातला झाकणभर चहा माझा. बारा वर्षं मी तो प्यायले, आणि तसा चहा मला दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही. रविवारी घरी बसून पितो तो तसा लागत नाही, असं आण्णाही म्हणायचे आणि दोष रविवारला द्यायचे.

आमचं काम औषधातला नको तो अंश शोधायचं. विरघळवलेलं औषध पांढरी पूड भरलेल्या वीतभर पोलादी नळीतून दाबानं ढकलायचं. आतले घटक एकेक करून बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाचा डोंगर उभा राहतो. त्याला आम्ही इंग्रजी शब्दानं पीक म्हणतो. 'पोरगं कारखान्यात पीक बघतंय' एवढंच कानावर असल्यानं आण्णांच्या वडिलांचा शेवटपर्यंत समज होता की मुलगा उसाकडे असतो. मी नवी होते, मला काही उमजेना, तेव्हा आण्णांनी विचारलं, "शिराळ्याच्या नागपंचमीला गेलीस का कवा? गर्दी एकदमच आत शिरती. पर एकजण दर दुकानाला चिकटतोय, दुसरा सरळ चालतोय. कोण कवा भाईर पडला, त्यावरनं माणूस वळखायचा!" दोन पीक चिकटून आले, तर त्यांना सोडवायला द्रावणात पाणी वाढवायचं, नाहीतर आम्लता बदलायची, नाहीतर नळीची उष्णता. तिन्ही एकदम मात्र नाही. शिवाय प्रत्येक बदलानंतर नळीला निवांत बसू द्यायचं. "तिला नव्याची सवय हू दे गं," म्हणत आण्णा तिच्याशेजारी स्टूल टाकून बसत. एकदा माल पाठवायच्या घाईत साहेब म्हणाले, "जवळजवळ सुटलेत की आण्णा, लिहून टाका." आण्णा चष्मा पुसत म्हणाले, "जवळजवळ म्हंजे न्हाई, साहेब." दुसऱ्या दिवशी पीक स्वच्छ सुटले, तरी सही नाहीच. एकदा आलं तो योगायोग, सहा वेळा आलं तर खरं, हा त्यांचा कायदा.

हे सगळे कायदे कारखान्याच्या फाटकाबाहेरही चालायचे. द्रावणातले बुडबुडे काढूनच ते यंत्रात सोडतात, म्हणून आण्णा सोडाही बुडबुडे गेल्यावरच प्यायचे. खोकल्यावर डॉक्टरांनी तीन औषधं दिली, तर यांनी तीन दिवस एकच घेतलं, कशानं गुण येतो ते कळावं म्हणून. माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याची नोकरी धरायची म्हणाले, तेव्हा ते घाबरेघुबरे झाले. "नवरा, गाव आन् नोकरी एकदम बदलतीस? उद्या बिघडलं तर कशानं बिघडलं, कसं कळंल?" मी हसले खरी, पण फक्त नवरा बदलून कुपवाडातच राहिले. सुखात आहे.

गेल्या वर्षी आण्णा निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात काकी गेल्या. भेटायला गेले तर म्हणाले, "दोन्ही एकदमच बदललं गं पोरी. जीव कशानं जाग्यावर न्हाई, कसं कळायचं?"

पुढे एका रविवारी सकाळी पुन्हा कुंडलला गेले. स्वयंपाकाच्या ओट्यावर वही होती. आलं, साखर, दूध, उकळी. दर पानावर एकच बदल आणि खाली शेरा, 'नाही'. आण्णा काकींचा चहा शोधत होते. काकी असताना कृती विचारायचं कधी सुचलं नव्हतं. कप पुढे करून म्हणाले, "तुझ्याबिगर त्यो चहा प्यालेलं दुसरं कोण हाय? सांग." चहा चांगला होता, पण तो नव्हता. त्यांचे डोळे बघून मी म्हणाले, "जवळजवळ..." आणि जीभ चावली.

"म्हंजे न्हाई," म्हणत आण्णांनी शेरा लिहिला.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आण्णा, आपण प्यायचो तो ताजा कुठे असायचा? म्हणून तर रविवारचा तुम्हाला तसा लागायचा नाही. तो चार तास थर्मासमध्ये बसलेला असायचा!"

आण्णा ताडकन उठले. मग माळ्यावरून थर्मास काढला. कृती शेवटच्या पानाचीच ठेवली, बदल थर्मासचा तेवढा. त्याला बसू द्यायचं म्हणून आम्हीही बसलो, आणि त्या चार तासांत आण्णा पहिल्यांदाच काकींबद्दल बोलले. दुपारी झाकण उघडलं. वास आला आणि मला आमची प्रयोगशाळा दिसली. मी घोट घेतला आणि होकाराची मान डोलावली. आण्णांनीही घेतला, आणि झाकण दोन्ही हातांत धरून उरलेला संपवला. मग नाक पुसून वहीत 'जुळला' असं लिहिलं आणि पुढे आकडा घातला, एक.

"एकदा आलं त्यो योगायोग," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "आनखी पाच येळा यावं लागंल तुला."

सहा वेळा केव्हाच झाल्या. दर वेळी चहा जुळतो, दर वेळी आण्णा वही उघडतात, पण आकडा अजून एकच आहे. दिसलं ते लिहायचं राहिलेली आण्णांची ही पहिलीच वही. मी त्याबद्दल विचारत नाही, रविवारी जाते.