कोरा टॉवेल

लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुतले, की नरसय्याअण्णा तिथला टॉवेल आधी चिमटीत धरून, डोळे मिटून चोळत. "कोरा हाय, सर. कोरा टॉवेल पानी धरत न्हाय. दोन-चारदा धुतला की मग कामाचा," असं म्हणून हात धोतरालाच पुसत.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या भिंतीला लागून त्यांचा टॉवेलचा कारखाना होता. मागांच्या आवाजातच मी कॉलेजातल्या तासांची तयारी करत असे. "तुमचं अर्थशास्त्र बदलतंय, आमचं न्हाय," अण्णा मला चिडवत. "दुनियेत मानूस आंघोळ करायचं थांबतोय व्हय?"

अमेरिकेतल्या एका हॉटेलची मोठी ऑर्डर मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत आली. प्रत्येक टॉवेलवर हॉटेलचं नाव विणायचं होतं. अण्णांनी कर्ज काढून नवे माग घेतले आणि त्याच दिवशी बायकोच्या, राजव्वाकाकूंच्या मांडीवरचं विड्यांचं सूप उचलून उंच खुंटीला अडकवलं. काकू लहानपणापासून विड्या वळत आलेल्या. तंबाखूच्या धुळीनं खोकला कायमचा जडलेला.

"लई झालं. आता या घरात विडी वळायची न्हाय."

"आन् तुमचे टॉवेल न्हाय खपले तर?" काकूंनी हसत विचारलं.

"आंघोळ थांबतीय काय, येडे?"

मग अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या आल्या. पेपर घेऊन अण्णा माझ्याकडे आले. मी समजावलं : फेडण्याची ऐपत नसलेल्यांना घरांसाठी कर्जं दिली, ती कर्जंच बँकांनी एकमेकांना विकली, हप्ते थकले आणि सगळी उतरंड कोसळली. लोकांनी हात आखडला, हॉटेलं ओस पडली.

अण्णांनी बातमीवर बोट ठेवलं. "घरं त्यांनी घेतली, सर. मग माग आमचे का बंद?"

याचं उत्तर माझ्या पुस्तकांत होतं. मी पेपरची घडी करून तो त्यांच्या हातात परत दिला.

ऑर्डर रद्द झाल्याचा फोन आला, तरी माग चालूच राहिले. मागावर चढवलेला बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, अर्ध्यावर कापायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. कामगार विनवत होते, "अण्णा, थांबवा. साधा टॉवेल काढू." ते म्हणत, "बीम संपू दे." हातातलं सगळं सूत असं परक्या नावाच्या टॉवेलांत गेलं. बाजारात व्यापारी हसले, "दुसऱ्याच्या नावानं अंग कोण पुसतंय, अण्णा?"

कर्जाचे हप्ते थकले, माग भंगारात गेले. भिंतीपलीकडचा आवाज थांबला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. काकू स्टुलावर चढून खुंटीवरचं सूप काढत होत्या. अण्णा उंबऱ्यात बसून होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पुढे ते दुसऱ्यांच्या मागावर राबले. लग्नांत टॉवेल चिमटीत धरायची सवय राहिली. आंघोळीचं वाक्य मात्र मी पुन्हा ऐकलं नाही.

यंदा उन्हाळ्यात अण्णा गेले. शेवटची आंघोळ घातल्यावर कुणीतरी पंचा पुढे केला. "थांबा," म्हणत काकूंनी ट्रंकेतून एक टॉवेल काढला. घडी न मोडलेला, कोपऱ्यात हॉटेलचं नाव विणलेला.

"ह्यानंच पुसा. ह्यांच्या हातचा हाय."

टॉवेल कोराच होता. कपाळावरचं पाणी टिपलं जाईना, नुसतं इकडचं तिकडे होई. शेवटी काकूंनी तो स्वतःच्या हातात घेतला आणि खोकत खोकत त्या पुसत राहिल्या.