दिरांनी लावलेला निवडुंग

लग्नानंतर मी आटपाडीच्या माहेराहून निवडुंगाचे फाटे आणले आणि माणातल्या सासरी दारापुढं लावले. पुढं त्याचंच शेताला कुंपण करायचं होतं; डोंगरउतारावरची आमची बाजरी दरसाल बकऱ्यांच्या पोटात जायची.

पलटणीतून रजेवर आलेले दीर ते बघून भडकले. दारात काटा असला की घरात भांडणं होतात म्हणे! असं म्हणत माझ्याशीच कडाकडा भांडले. निवडुंग कोयत्यानं खांडला आणि वाळून मरावा म्हणून शेताच्या बांधावर, तापल्या दगडांत फेकून दिला.

मी मुद्दामच अडवलं नाही. निवडुंग ओल्या चिकानं लावला तर कुजतो, तोडलेलं तोंड उन्हात सुकलं तरच मूळ धरतो, हे आमच्या माहेरी शेंबड्या पोरीलाही ठाऊक.

लढाई संपून दीर परतले, तेव्हा बांधावर निवडुंग छातीएवढा झाला होता, फाट्याला फाटे फुटून गच्च. बकऱ्या पलीकडं ताटकळत होत्या. अलीकडं बाजरी कणसांनी वाकली होती.

“आवं वयनी, ह्ये कुणी लावलं?”

“तुमीच की, भावजी,” मी म्हणाले. “लय झकास लावलंय.”