दोन दाते जास्त

माझ्या बहिणीचा जीव मोटरसायकलच्या चेननं घेतला.

ट्रक नव्हता. खड्डा नव्हता. कोणी दारू प्यायलेलं नव्हतं. ताईचा पदर मागच्या चाकाच्या चेनमध्ये गेला आणि ती खाली ओढली गेली.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं.

लोक अजून विचारतात, "असं कसं झालं गं?" एकदाच सांगते. नीट वाचा आणि कृपा करून परत विचारू नका.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, सोनईजवळ वस्तीवर राहतात. म्हशी आहेत, रोज डेअरीला दूध घालतात. कॅनचे हुक बसावेत म्हणून गाडीचं साडी गार्ड कधीच काढून टाकलेलं. आपल्याकडच्या कुठल्याही दूधवाल्याची गाडी बघा, तशीच असते.

वस्तीवरून डांबरी रोडला लागताना एक चढ आहे. दोन्हीकडे भरलेले कॅन आणि मागे ताई, एवढं गाडी ओढायची नाही. मग ताई उतरायची, चढ चालत चढायची आणि वर जाऊन परत बसायची.

तिचा गुडघा दुखायचा. ती बोलली नाही कधी, पण दाजींना दिसत होतं.

त्यांनी मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, मागचं स्पॉकेट मोठं टाका. म्हणजे मागच्या चाकाला ज्या दातेरी चक्रावरून चेन फिरते ते. दोन दाते जास्त असले की स्पीड जरा कमी होतो, पण गाडी ओढायला लागते.

टाकलं. गाडी चढ सहज चढायला लागली. ताईनं मला मुद्दाम फोन केला, "आता मी बसूनच वर जाते बघ, राणीवानी! तुझ्या दाजींनी लई भारी काम केलंय."

फक्त त्या मोठ्या स्पॉकेटला जुनं चेन कव्हर घासायला लागलं. सारखा खरखर आवाज. म्हणून दाजींनी कव्हर काढून गोठ्यात टांगलं. ठोकून जरा मोठं करू आणि परत बसवू म्हणाले.

ते तिथंच टांगलेलं राहिलं.

बाजाराच्या दिवशी दोघं घोडेगावला निघाले, म्हैस बघायला. खरं तर दाजी एकटेच जाणार होते. ताई म्हणाली, "तुमी नुसत्या शिंगांवर भुलता. म्हैस मीच बघनार."

हे मला दाजींनी नंतर सांगितलं. सांगताना हसले आणि मग किती तरी वेळ रडत राहिले.

चढ गाडी आरामात चढली. वर रोडला वारा होता.

पुढचं मी लिहीत नाही.

गाडी तेव्हापासून गोठ्यात उभी होती. चेन गंजून पार आखडून गेली. दाजी दूध सायकलवर न्यायला लागले. जेवायचं नाव नाही. विहिरीच्या कडेला जाऊन बसायचे. शेजारचे मला फोन करायचे, "लवकर या, त्ये परत तिकडंच बसल्यात." मी नगरहून ऑफिस टाकून पळत यायची. एक माणूस गेलं, आता दुसरं डोळ्यांदेखत चाललंय आणि मला काही म्हणजे काही करता येत नाही, असं हे वर्ष गेलं.

आणि आई.

आई त्यांच्याशी वर्षभर एक शब्द बोलली नाही. भांडलीसुद्धा नाही. ते आले की उठून आत जायची. दिवाळीत दाजींनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. "मामी, निदान शिव्या तरी द्या."

आईनं पाय ओढून घेतले.

मी आईवर खूप ओरडले. "त्यांनी तिच्या गुडघ्यासाठीच केलं ना सगळं?"

परवा अचानक मला म्हणाली, "चेनचं कव्हर कुठं मिळतं गं?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तरी आमच्या शेवगावात पार्टच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "चेन गंजली आसंल तर चेन आन दोन्ही स्पॉकेट एकदमच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन टिकत न्हाई."

आई म्हणाली, "द्या सगळं. पन कंपनीचं जे माप हाय तेच. मोठं नको. आन साडी गार्ड बी द्या."

आज वस्तीवर विधी उरकल्यावर तिनं ती पिशवी दाजींच्या पुढ्यात ठेवली.

"बसवा."

वर्षातला पहिला शब्द.

दाजींच्या हातातून सारखा पाना निसटत होता. मी मदतीला गेले तर आईनं मला मागे ओढलं. चेन बसली, कव्हर बसलं, गार्ड बसलं. गार्डमुळे त्या बाजूला हुक बसेना, आता कॅन एकाच बाजूला लागणार होता. लावला.

आईनं पदर कमरेला घट्ट खोचला आणि मागे बसली. "चला डेअरीला."

चढावर गाडी दमली. जुनंच माप, ओढणार कशी? दाजींनी गाडी थांबवली. मागे वळून बघायची त्यांची हिंमत होईना.

आई उतरली.

"ह्यात काय हुतं? चढ आला की उतरायचं. तुमी व्हा फुडं, मी येते."

दाजी पुढे गेले नाहीत. तेही उतरले आणि गाडी ढकलत तिच्या बरोबरीनं चालायला लागले. मी खाली उभी राहून बघत होते. मला रडू आवरेना.

वर पोचल्यावर आई परत बसली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

हे वाचून झालं की उठा. घरातल्या गाडीचं चेन कव्हर जागेवर आहे का बघा. नसेल तर आजच बसवा, उद्यावर टाकू नका. माझ्या ताईला फुलांऐवजी तेवढंच वाहा.

ताई, आज आईनं दाजींना समोर बसवून जेवायला वाढलं. ते जेवले.

आता तू जा.