पहिल्या पानावरचा खून

ती घटना आठवली की आजही पहिल्या पानावरच्या मोठ्या बातमीने माझा जीव धास्तावतो. एकोणीसशे साठच्या आसपास मी मालवण ठाण्यात फौजदार होतो. देवबागच्या पोलीस पाटलांनी वर्दी आणली: होडी घेऊन दोघे भागीदार दर्यात गेले, परत एकच आला.

त्याला ठाण्यात आणले. तोवर जिल्ह्यातल्या साप्ताहिकाने सर्वांत वर, ठळक मथळ्यात, खुनाचा संशय छापून टाकला होता. देवबागच्या चहाच्या हॉटेलात एक जण पेपर मोठ्याने वाची, तोही फक्त वरची बातमी; मग त्या कागदात सुकट बांधली जाई. मथळा ऐकून लोक त्याचे घर पेटवायला निघाले. घरात बायको आणि लहान मुले. दारात शिपाई बसवले.

चौकशीत गडी एकच बोले, "सायबानू, घाला फासार, पण इचारू नकात. देवळात नारळ ठेवन शबूद दिलंय."

दुपारी खाणावळीतून त्याच्यासाठी बांगड्याचे तिकले, म्हणजे तिखट कालवण, आणि भात आला. त्याने चाटूनपुसून खाल्ला. "बघा, कसो निर्लज्ज!" हवालदार संतापले. मी मात्र चमकलो. दर्यात माणूस गेला की त्या वस्तीत बाराव्यापर्यंत कोणी मासळीला शिवत नाही. देवाला दिलेला शब्द जपणारा हा माणूस ती रीत मोडेल? म्हणजे याच्या लेखी दर्यात कोणी गेलेलेच नाही.

मी संपादकांना गाठले. "त्याच जागी, त्याच टायपात छापा: भागीदारावर खुनाचा खटला भरणार." दुसरा भागीदार कुठेही जिवंत असला तरी वरची बातमी त्याच्या कानी जाणारच. पण तो आलाच नाही तर? मग त्या घराची राख मीच केली असती.

तो आला. खारेपाटणहून, तोंडाला पंचा गुंडाळून, खोकत. क्षय झाला होता. मिठबावला ठरलेले बहिणीचे लग्न मोडू नये म्हणून तिथल्या वैद्याकडे लपला होता; भागीदारानेच त्याला होडीतून गुपचूप पोचवले होते आणि देवळातला शब्द त्यालाच दिला होता.

"पयली बातमी आयकलंय, सायबानू. म्हटला, मेलंय समाजले तर बराच, भयणीचा लगीन तरी होतला. पण ह्येका फासार देतले?" आणि तो रडू लागला.

तो जिवंत असल्याची बातमीही संपादक वरच घेणार होते. कोठडीतून सुटलेल्या भागीदारानेच हात जोडले. "तळाक छापा. वर छापलात तर लोक इचारतले, तो खंय होतो."

शेवटच्या पानाच्या तळाशी, भागीदार निर्दोष सुटल्याच्या, दोन ओळी आल्या. हॉटेलात त्या कोणी वाचल्या नाहीत. पोलीस पाटलांनी घरोघर सांगितले, तर लोक म्हणत, "खरा आसता तर वर छापल्याशिवाय रवले असते?" बहिणीचे लग्न झाले. भागीदाराच्या होडीवर मात्र कोणी चढेना. तो एकटाच होडी काढी.

वैद्याकडून मित्र बरा होऊन परतला, तेव्हा दोघे त्याच हॉटेलात शेजारी बसून चहा प्यायले. पेपर वाचणारा मान खाली घालून उभा होता.

तेव्हापासून मी पेपर शेवटच्या पानाच्या तळापासून वाचतो. घरातले हसतात. पण कुणाचे तरी निरपराधपण तिथे दोन ओळींत पडलेले असते, हे मी पाहिले आहे.